पांढऱ्या फुलांचा वास लावणारी बाई कशी असते?

*ताई, मी ५३ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मुलगी नोकरीसाठी दुबईला असते. दिवाळीला आली तेव्हा तिनं माझ्यासाठी 'गुच्ची ब्लूम' नावाचं सेंट आणलं. पावडर आणि खोबरेल तेल याच्या पुढे मी कधी गेले नव्हते, पण हे मला इतकं आवडलं की आठवडाभर रोज लावलं. मोगरा, निशिगंध, सगळी बाग एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, 'काय मॅडम, आज कुणाच्या लग्नाला?' एका मॅडमनी न बोलता खिडकी उघडली. घरी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, 'असला वास तुझ्या स्वभावाला नाही गं शोभत.' मग मी मोबाइलवर वाचलं, तर हे सेंट लावणारी स्त्री म्हणे धीट, मनस्वी, आपल्या मर्जीनं फुलणारी वगैरे असते. मी तर चारचौघांत बोलायलाही बिचकते. फुलं माळणं तर चार वर्षांपूर्वीच सुटलं. आता बाटली कपाटात ठेवून दिली आहे. पोरीला परत द्यावी का? आणि खरं सांगा, वासावरून माणूस कळतो का?*

*एक शिक्षिका*

बाई,

मराठीच्या शिक्षिकेला मी बाईच म्हणणार. 'मॅडम' माझ्या तोंडात बसत नाही.

ज्या तिघांनी तुमच्या सेंटची दखल घेतली, त्यांतल्या खिडकी उघडणाऱ्या मॅडमचं काही चुकलेलं नाही. तेव्हा त्यांचं आधी मिटवून टाकू. किती वेळा फवारलंत ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज असा: मानेला दोन, मनगटांना दोन आणि निघता निघता पदरावर एक. पावडरीची सवय असलेला हात असाच चालतो. पण तुमच्या बाटलीवर 'ओ द पार्फम' असं लिहिलेलं आहे. या प्रकारात सुगंधी द्रव्याचं प्रमाण साधारण १५ ते २० टक्के असतं. कोलोनमध्ये ते २ ते ४ टक्क्यांवर असतं. पाच फवारे म्हणजे फुलवालीची अख्खी टोपली डोक्यावर घेऊन तुम्ही स्टाफरूममध्ये शिरलात. त्यात आपलं नाक मोठं लबाड. थोड्याच वेळात ते त्या वासाला सरावतं, आपल्याला वाटतं उडून गेला, आणि आपण आणखी एक मारतो. शेजारणीचं नाक मात्र ताजंतवानं असतं.

हे मी अनुभवानं सांगते. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी पुण्याहून नाशिकला निघाले होते. काचा बंद, एसी चालू आणि कानामागे निशिगंधाच्या अत्तराची दोन सढळ बोटं. नारायणगावला चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरदादांनी फार अदबीनं विचारलं, "ताई, डिकीत हार आहेत का? कोमेजतील म्हणून विचारतो." पुढचा सगळा घाट आम्ही काचा खाली करून गेलो.

सरांनी विनोद केला, पण नाक त्यांचं शाबूत आहे. त्यांना लग्न आठवलं ते उगाच नाही.

अत्तराच्या धंद्यात 'व्हाइट फ्लोरल' नावाचं एक घराणं मानतात. मोगरा, जाई, चमेली, निशिगंध, अनंत, संत्र्याचा मोहर ही त्यातली मंडळी. नावात पांढरा असला तरी रंगावर हे ठरत नाही. पांढरा गुलाब यात धरत नाहीत, आणि सोनचाफा पिवळाधमक असून बरेचजण त्याला याच घरात आणून बसवतात. या फुलांना जोडणारी गोष्ट वेगळीच आहे. यातली बरीचशी संध्याकाळी उमलतात किंवा रात्री जास्त दरवळतात. अंधारात रंगाचा उपयोग काय? म्हणून ती पांढरी राहतात आणि सगळी भिस्त वासावर ठेवतात. रात्री हिंडणारे पतंग त्या वासाच्या मागानं येतात. लांबवर पोचायचं तर वास पातळ असून कसं चालेल?

या वासाच्या तळाशी इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. मोगऱ्यात असतं, जाईत असतं, निशिगंधातही असतं. हेच द्रव्य विष्ठेतही असतं, आणि जास्त प्रमाणात त्याचा वास डांबरगोळीच्या जवळ जातो. नाक मुरडू नका, हा वास तुमच्या ओळखीचा आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आरशाच्या खिळ्याला अडकवलेला कालचा गजरा आठवा. पाकळ्यांच्या कडा चहासारख्या तपकिरी झालेल्या, दोरा ओलसर, त्यात अडकलेला एखादा केस. त्याला नाक लावलं की गोडव्याच्या खालून काहीतरी जड, अंगाचं, झोपेचं येतं. तेच ते. हे चिमूटभर नसेल तर मोगऱ्याचा वास साबणाच्या वडीसारखा सपाट होतो. निशिगंधात तर आणखी एक पाहुणा असतो, मिथाइल सॅलिसिलेट. आपण पाठीला चोळतो त्या बामातला ओळखीचा वास त्याचाच. कुंडीतल्या गुलछडीला अगदी जवळून हुंगून बघा, सापडेल.

गोड, जड, रात्रीचा आणि थोडासा अंगाचा. असा वास बाटलीत भरून विकायचा म्हटल्यावर विकणाऱ्यांनी त्याला कसली बाई जोडली असेल याचा अंदाज तुम्हाला येईलच. १९४८ साली पॅरिसमध्ये रोबेर पिगे या फॅशनघराण्यासाठी जर्मेन सेलिए यांनी निशिगंधाचं एक सेंट बनवलं. पुरुषांनी भरलेल्या त्या धंद्यात या बाई उठून दिसत. सेंटचं नाव 'फ्राका'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दणदणाट, काहीतरी कोसळल्याचा आवाज. १९८५ मध्ये दिऑरनं निशिगंधाचंच एक काढलं आणि त्याचं नाव चक्क 'पॉयझन' ठेवलं. त्याआधी १९८१ मध्ये अमेरिकेत बेव्हर्ली हिल्सच्या 'जॉर्जिओ'नं पांढऱ्या फुलांचा असा काही भडिमार केला, की काही रेस्टॉरंटांनी ते लावून येणाऱ्यांना दारातच अडवल्याच्या हकिकती आजही सांगितल्या जातात. तुमच्या स्टाफरूमची खिडकी त्यामानानं फारच सौम्य. तर तिकडे निशिगंध म्हणजे उघड्या खांद्यांनी जिना उतरणारी, सगळ्या खोलीनं वळून बघावं अशी बाई.

आणि इकडे? तुमच्या शाळेत शिक्षणाधिकारी आले की त्यांच्या हातात काय देता? गुलछडीच्या चार दांड्या, मध्ये एक जरबेरा, वर चुरचुरणारा जिलेटिन पेपर. गणपतीच्या हारात निशिगंध, नवरदेवाच्या गाडीवर निशिगंध, फोटोला घालायच्या हारात निशिगंध आणि शेवटी तिरडीवरही तोच. गोव्यात म्हार्दोळला म्हाळसादेवीची जायांची पूजा होते, तेव्हा देवळात जाईच्या फुलांखेरीज दुसरा वास नसतो. शिक्षणाधिकाऱ्यांच्या हातातल्या गुच्छाकडे पाहून कुणाला घातक स्त्रीची आठवण झाली, असं निदान माझ्या ऐकण्यात नाही. (निशिगंध मूळचा मेक्सिकोचा हेही जाता जाता सांगून टाकते. आपण त्याला इतकं घरचं करून घेतलंय की खरं वाटत नाही.)

तेव्हा वासावरून माणूस कळतो का, याचं माझं उत्तर: हुंगणारा थोडाफार कळतो. सरांना लग्न आठवलं. पॅरिसच्या बाईला जिना आठवेल. स्मशानाजवळ हार विकणाऱ्याला आणखी काही. तुम्ही कशा आहात हे यातल्या कुणालाच त्यातून समजलेलं नाही.

आता तुम्ही मोबाइलवर वाचलेल्या वर्णनाकडे येते. 'ब्लूम' बाजारात आलं २०१७ मध्ये. बनवलं आल्बेर्तो मोरिलास यांनी, आणि त्यामागची कल्पना गुच्चीचे तेव्हाचे मुख्य डिझायनर अलेस्सांद्रो मिकेले यांची. हे मोरिलास म्हणजे १९९४ मध्ये 'सीके वन' नावाचं, बाईनंही लावावं आणि बाप्यानंही लावावं असं धुतल्या कपड्यांच्या वासाचं सेंट करणाऱ्या दोघांपैकी एक. तोच हात पुढे बायकांसाठी फुलांची बाग करतो. यात स्वभाव कुठे आला? कारागिरी आली. 'ब्लूम'च्या जाहिरातीसाठी त्यांनी तीन जणी निवडल्या: डकोटा जॉन्सन ही नटी, हारी नेफ ही ट्रान्स अभिनेत्री आणि पेट्रा कॉलिन्स ही फोटोग्राफर. तिघींचं एकमेकींशी काही जुळत नाही. म्हणजे हे लावणारी बाई अमुक एक असते असं कंपनीलासुद्धा म्हणायचं नव्हतं. मग ते 'धीट, मनस्वी, मर्जीनं फुलणारी' कुठून आलं? साप्ताहिक राशिभविष्य जिथून येतं तिथून. 'आपण वरून शांत असलात तरी आतून भावनाप्रधान आहात' हे वाक्य वाचून 'अगंबाई, मीच की' असं न वाटलेली रास मला अजून भेटायची आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी जाहिरातीत सांगितली ती खरी आणि गमतीची आहे. या सेंटात मोगऱ्या-निशिगंधाबरोबर 'रंगून क्रीपर' नावाच्या फुलाचा वास धरलाय. दक्षिण भारतातलं, रंग बदलणारं अद्भुत फूल असं त्याचं कौतुक केलंय. अहो, ती मधुमालती! कंपाउंडच्या भिंतीवर, गॅरेजच्या पत्र्यावर, पाण्याच्या टाकीवर चढलेली असते ती. संध्याकाळी पांढरी उमलते, सकाळी गुलाबी होते आणि मग लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग लोंबत असतात. तुमच्याही गावात कुणाच्या तरी फाटकावर असणारच. दुबईच्या मॉलमधून विमानानं जे आलं त्यातलं निम्मं तुम्ही शाळेला जाता-येता रोज फुकट हुंगत होतात.

आता वासाच्या स्वभावाबद्दल, कारण तो असतो. लावणाऱ्याशी त्याचं गोत्र जुळलंच पाहिजे असं काही नाही, इतकंच. काही सेंटं आधी लिंबू-संत्र्याची गोड बोलणी करतात, मग तासाभरानं खरं तोंड दाखवतात. 'ब्लूम'मध्ये मला तसं काही सापडलं नाही. दार उघडलं की समोर फूल. आधी कळीचा हिरवट, कच्चा वास, मग निशिगंध, मग तळाशी चेहऱ्याच्या पावडरीसारखा मऊपणा. संध्याकाळपर्यंत जवळपास तेच. एकसुरी म्हणा हवं तर, काहीजण म्हणतातही. मला ते सरळ वाटतं. एकच कविता सकाळपासून चार तुकड्यांना न कंटाळता शिकवणाऱ्या बाईला ते का शोभू नये, हे मला कळलं नाही.

राहिल्या जाऊबाई.

तुमच्या पत्रात सेंटवर पानभर मजकूर आहे आणि मध्येच एक ओळ आहे जिच्या मागेपुढे काही नाही. 'फुलं माळणं तर चार वर्षांपूर्वीच सुटलं.' तुम्ही मराठी शिकवता म्हणून विचारते. सुटलं की सोडलं? की सोडायला लावलं? एका धातूची तीन रूपं, आणि तिन्हींचा कर्ता वेगळा. चार वर्षांपूर्वी काय झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी ते उकरणार नाही. पत्रात यजमानांचा उल्लेख कुठेच नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. माझा तर्क चुकत असेल तर पुढचं थोडं सोडून द्या आणि फायाच्या गोष्टीपासून वाचा.

माझी एक आत्या होती. तिशीतच तिचं सगळं गेलं. आमच्या मागच्या दारी मोगरा होता. उन्हाळ्यात ती संध्याकाळी कळ्या वेचायची, ओल्या फडक्यात ठेवायची, घरातल्या सगळ्या पोरींना गजरे ओवून द्यायची. तिच्या बोटांना जी चपळाई होती ती मी नंतर दादरच्या फुलबाजारातही फारशी पाहिली नाही. स्वतः अर्थात माळायची नाही. पण चार कळ्या पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. कुणी पाहिलंच तर "देवाच्या आहेत," म्हणायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती गाठ सोडायची. मी तिच्या शेजारी झोपायचे, म्हणून मला माहीत. देव दुसऱ्या खोलीत होता.

गजरा दिसतो. सेंट दिसत नाही. म्हणून तुमच्या हाताला ते चाललं, आणि दिसत नसूनही जाऊबाईंना जे दिसायचं ते दिसलं. 'स्वभावाला शोभत नाही' यातला 'स्वभाव' हा शब्द त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी शब्दाच्या जागी वापरलाय असा मला दाट संशय आहे. त्या दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या लहानपणी हे जसं होतं तसं त्यांनी ते जपून ठेवलं, एवढंच. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. फार चांगलं झालं. पण जावेचं नाक कुठल्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत येत नाही.

त्यांच्याशी वाद घालू नका. "पोरीनं आणलंय," एवढं पुरे. त्यावरही बोलल्या तर बाटली पुढे करा आणि विचारा, "लावून बघता का?" या प्रश्नावर सत्तरीच्या बायकाही आधी 'इश्श' म्हणतात आणि मग मनगट पुढे करतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. गजरा माळायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. त्यात मी पडणार नाही. लोकांच्या सांगण्यावरून सोडायचं आणि माझ्या सांगण्यावरून माळायचं, यात तुमचं काय राहिलं?

पोरीला बाटली परत मात्र देऊ नका. तिला एक विचारा. दुबईच्या दुकानात शंभर बाटल्या असतील. गुलाबाच्या, चंदनाच्या, उदाच्या तर ढिगानं. तिनं नेमकी हीच का उचलली? उत्तर काय येईल मला माहीत नाही. कदाचित 'सेल होता' असंही येईल. पण लहानपणी ती तुमच्या पाठीमागे बसून वेणीत काय हुंगत होती, हे तिच्या लक्षात असण्याची शक्यता मी धरून चालले आहे.

आता फाया. शाळेच्या दिवशी अंगावर फवारू नका. कापसाच्या एवढ्याशा बोळ्यावर एकच फवारा मारा, मिनिटभर वाळू द्या आणि तो ब्लाउजच्या आत किंवा पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवा. आपले आजोबा कानात अत्तराचा फाया ठेवायचे तीच ही युक्ती. वास तुमच्यापुरता राहील, आणि वहीवर सही घ्यायला जवळ आलेल्या पोराला फार तर वाटेल की बाईंच्या टेबलावर कुणीतरी फुलं ठेवलीत. खिडकीवाल्या मॅडमना एकदा सरळ विचारा, वासानं डोकं दुखतं का? काहीजणींचं खरंच दुखतं, अर्धशिशी असेल तर फारच. तसं असेल तर त्या दिवशी फायाही नको.

लग्नाकार्याला दोन फवारे चालतील. आंघोळीनंतर अंग कोरडं झाल्यावर, साडी नेसायच्या आधी. रेशमावर आणि जरीवर थेट मारू नका, डाग पडतात. मोत्यांची कुडी नंतर घाला, कारण सेंटातल्या अल्कोहोलनं मोत्यांचं पाणी जातं. मनगटावर मनगट घासायची सवय असेल तर सोडा, तसाच वाळू द्या. एप्रिल-मे महिन्यात एकच फवारा, कारण उकाड्यात आणि घामात हा वास दुप्पट अंगावर येतो. उघड्या मांडवात बरा, बंद हॉलमध्ये नको.

बाटली कपाटात आहे म्हणालात ते उत्तम. ऊन आणि उकाडा लागला की सेंट बिघडतं, म्हणून ती तिथेच, साड्यांच्या कप्प्यात राहू द्या. डांबरगोळ्या मात्र तिथून काढा. आधी सांगितलं ना, त्या दोघांचं नातं जरा फारच जवळचं आहे.